‘हो’वर खूण झाल्यानंतर

आशाताईच्या पिशवीत एक फॉर्म असतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा भरायचा. सरकारी कागदावर त्याचं नाव लांबलचक आहे, गावात सगळे त्याला ‘सीबॅक’ म्हणतात. तंबाखू खाता का, दारू घेता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, असं विचारत तो पुढे सरकतो आणि साठीपुढच्यांसाठी मोजके प्रश्न वेगळे काढतो. चालताना तोल जातो का? आंघोळ, जेवण, कपडे यांसाठी कुणाची मदत लागते का? आणि त्यातच एक प्रश्न असा : जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? पुढे दोन पर्याय, हो आणि नाही.

कळमेश्वर तालुक्यातल्या एखाद्या ओसरीवर हा प्रश्न आला की उत्तर बहुधा सून देते. म्हातारपण आहे, चालायचंच, असं ती म्हणते आणि खूण ‘नाही’वर होते. कधी ‘हो’वर झालीच, तर फॉर्मवरची सूचना सांगते की त्या माणसाला वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावं. इथवरचा विचार सरकारने केलेला आहे, आणि चांगला केलेला आहे. डिमेन्शियाचा विषय निघाला की ‘आपल्याकडे काहीच नाही’ असा सूर लागतो, तो खरा नाही. दारापर्यंत येणारी बाई आहे, तिच्या हातात नेमका प्रश्न आहे. उत्तर ‘हो’ आल्यावर पुढचं कुणी बघायचं, हे मात्र ठरलेलं नाही. जे ठरलेलं नाही त्याचा सगळा भार घरातल्या एका माणसावर पडतो, आणि ते माणूस बहुतेक वेळा बाई असते.

कळमेश्वर हे नागपूरच्या पश्चिमेला वीस-पंचवीस किलोमीटरवरचं तालुक्याचं गाव. एका अंगाला एमआयडीसी आणि तिच्यातल्या शिफ्टा, दुसऱ्या अंगाला काटोलच्या दिशेने पसरत गेलेले संत्र्याचे बगीचे. विदर्भाचं पंढरपूर म्हणतात ते धापेवाडा याच तालुक्यातलं. नागपूर जवळ असणं ही या भागाची सोय आहे आणि अडचणही. मेडिकल, मेयो, एम्स, प्रादेशिक मनोरुग्णालय, सगळं एका एसटीच्या टप्प्यात असल्याने तालुक्यातच काही उभं करावं अशी निकड कुणाला वाटत नाही. ‘नागपूरला दाखवा’ हे उत्तर तयार असतं. अपघाताला किंवा अडलेल्या बाळंतपणाला ते चालून जातं. डिमेन्शिया वर्षानुवर्षं चालतो, त्याला नागपूरला दाखवून आणलं की काम संपत नाही. शिवाय १८६४ पासूनच्या त्या मनोरुग्णालयाला पाटीवर काहीही नाव असो, लोकांच्या बोलण्यात तो अजून ‘पागलखाना’च आहे. बापाला तिथे न्यायचं म्हटलं की मुलं गप्प बसतात.

मुळात ‘चालायचंच’ हे उत्तर महागात पडतं. डिमेन्शिया हे लक्षणांच्या समूहाचं नाव आहे. त्यात अल्झायमरचा वाटा सर्वांत मोठा, त्याखालोखाल मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्याने होणारा प्रकार, आणि पुष्कळ वृद्धांत दोन्ही एकत्र. यांवर आजवर मुळापासून बरं करणारं औषध नाही, गोळ्या काही काळ लक्षणं सावरून धरतात. पण बी-१२ ची कमतरता, मंदावलेलं थायरॉइड, पडल्यावर कवटीच्या आत हळूहळू साचत गेलेलं रक्त, खोल नैराश्य, यांनीही माणूस तसाच विसरू लागतो, आणि हे सगळं उपचाराने सुधारू शकतं. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी साधी रक्ततपासणी पुरते. ती न करताच म्हातारपणाच्या नावावर सोडून दिलेली माणसं कुठल्याही आकडेवारीत येत नाहीत.

जी आली त्यांचा हिशेब असा. देशभरातल्या वृद्धांची प्रत्यक्ष चाचणी घेऊन केलेल्या ‘लासी-डॅड’ या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. साठीपुढच्या भारतीयांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. बायकांमध्ये ९ टक्के, पुरुषांत ५.८. खेड्यांत ८.४ टक्के, शहरांत ५.३. २०३६ पर्यंत हा आकडा १ कोटी ६९ लाखांवर जाईल असा अंदाज त्यात आहे. मराठी माणसाच्या मनातलं या आजाराचं चित्र मात्र शहरी आणि सुशिक्षित आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात मोहन आगाशे यांनी रंगवलेला संस्कृतचा व्यासंगी पंडित रस्त्यावर हत्ती पाहून त्याच्या मागे निघून जातो. चित्रपट उत्तमच आहे. पण आकडे सांगतात की हरवणारं माणूस बहुधा खेड्यातली, शाळेचं तोंड न पाहिलेली आजी असेल. बालपणी शिक्षण न मिळणं हा या आजाराचा एक जोखीम-घटक मानला जातो, आणि आज सत्तरीत असलेल्या खेड्यातल्या पिढीत शाळा कुणाच्या वाट्याला आली आणि कुणाच्या नाही, हे वेगळं सांगायला नको.

त्या आजीची चाचणी कशी घ्यायची, हाही पेचच. जगभर रूढ असलेल्या प्रश्नावलीत तारीख सांगा, वाक्य लिहा, आकृती काढा, शंभरातून सात वजा करत जा, असली कामं असतात. ज्या बाईने आयुष्यभर पोळ्यावरून आणि संत्र्याच्या बहारावरून वर्ष मोजलं, ती यात निरोगी असूनही नापास होईल. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी घडवली गेली ती याच कारणाने. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुढे भारतीय भाषांतला चाचणीसंच तयार केला. त्याच्या पहिल्या टप्प्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषा होत्या, मराठी नव्हती. वऱ्हाडी-नागपुरी बोलणाऱ्या आजीला तिच्या बोलीत काय विचारायचं, हे काम मराठी डॉक्टरांचं आणि भाषेच्या माणसांचं मिळून आहे.

आता घरात डोकवावं. संध्याकाळचे पाच वाजलेत. दिवसभर शांत बसलेले बाबाजी उठतात आणि दाराकडे निघतात. ‘मले घरी जाचं हाये.’ ते घरीच आहेत, चाळीस वर्षं याच घरात राहताहेत. बंडी जुंपायची आहे, अंधार पडायच्या आत पोचलं पाहिजे, असं ते सांगतात. बैल विकले त्याला जमाना झाला. ऊन उतरताना वाढणारी ही अस्वस्थता डिमेन्शियात सर्रास दिसते. सून पहिल्या वर्षी वाद घालायची, बैल नाहीत हे पटवून द्यायची, आणि मग बाबाजी हात उगारायचे. आता ती म्हणते, चला, मीही येते. दोघं मागच्या दाराने निघतात, गोठ्याला वळसा घालतात, पुढच्या दाराने आत येतात. आलं बा घर. मग चहा. दाराची कडी तिने खालून काढून वर, सहज हात जाणार नाही अशा ठिकाणी बसवून घेतली आहे. गॅसचं रेग्युलेटर रात्री बंद करायचं, औषधं कपाटात कुलपात ठेवायची, रात्रीतून उठून त्यांना मोरीपर्यंत न्यायचं, हे सगळं ती कुणी न शिकवता शिकली. अशी सून तालुक्यातल्या कुठल्याही गावात भेटेल. पूर्वी ती निंदणाला, संत्र्याच्या तोडाईला जायची. आता जात नाही. तिची बुडालेली मजुरी हा या आजारावरचा सर्वांत मोठा खर्च असतो, आणि त्याची पावती कुठेच फाटत नाही.

या घराकडे सरकारी योजना येतात, पण त्या वेगळ्याच माणसासाठी आखलेल्या असतात : जो स्वतः येईल, सही करेल, अंगठा टेकवेल आणि विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर देईल. श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये मिळतात, पण बँकेत सही जुळत नाही, झिजलेला अंगठा यंत्र ओळखत नाही आणि दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. २०२४ मधली मुख्यमंत्री वयोश्री योजना पासष्टीपुढच्यांना चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये देते. त्यातली कमोड खुर्ची उपयोगी पडते, हे खरं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारतमधून ५ लाखांपर्यंत उपचाराचं संरक्षण मिळालं, तेही भरती झाल्यावर. डिमेन्शियाच्या माणसाला भरती व्हायचं नसतं. त्याला घरी सांभाळायचं असतं. आयकरात ८०डीडीबी कलमाखाली डिमेन्शियाचं नाव घेऊन सवलत आहे, पण ती कर भरणाऱ्याला, आणि जुन्या करप्रणालीत.

कायद्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. त्यात पार्किन्सन्सचं नाव आहे, डिमेन्शियाचं स्वतंत्र नाव नाही. मात्र ‘मानसिक आजारा’ची त्या कायद्यातली व्याख्या स्मृती आणि स्थळकाळाचं भान यांच्या गंभीर बिघाडापर्यंत पोचते, त्यामुळे दार बंद नाही, अरुंद आहे. त्याच कायद्याच्या चोविसाव्या कलमात मोठ्या आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहकाचा भत्ता द्यावा, असं सरकारांना स्पष्ट सांगितलं आहे. सुनेच्या बुडालेल्या मजुरीचं उत्तर म्हणजे हेच कलम. केरळ तर या कायद्याच्याही आधीपासून ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांना महिना ६०० रुपये देतो. रक्कम तुटपुंजी आहे, पण पैसा रुग्णाच्या नव्हे, सांभाळणाऱ्याच्या नावाने निघतो, आणि नियोजनातला खरा फरक तिथे आहे.

सातबारा बाबाजींच्या नावावर असेल तर आणखी एक खड्डा आहे, आणि त्यात शिकलेली कुटुंबंही पडतात. वेळेत मुखत्यारपत्र करून ठेवलं की निभावेल, असं सगळ्यांना वाटतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्याराचा अधिकारच संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निकामी होतो. इंग्लंडसारखी, बुद्धी गेल्यावरही टिकणारी मुखत्यारी आपल्या कायद्यात नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्थानिक समितीकडून पालक नेमण्याची सोय केली, ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. डिमेन्शिया तिच्या बाहेर. उरतं उच्च न्यायालय. मुंबई उच्च न्यायालयाने आपले विशेष अधिकार वापरून मुलामुलींना आईवडिलांचे पालक नेमलेलं आहे. कळमेश्वरकरांना नागपूर खंडपीठ जवळ आहे, हे त्यातल्या त्यात बरं. पण मुदतठेव मोडण्यासाठी शेतकऱ्याने हायकोर्टात रिट करावी, ही व्यवस्था कुणी विचार करून केलेली नाही, ती आपोआप झालेली आहे.

मग करायचं काय? याचं सर्वांत जवळचं आणि सर्वांत कमी खर्चाचं उत्तर गोव्यात तपासून झालं आहे.

‘१०/६६’ नावाचा एक आंतरराष्ट्रीय संशोधक गट आहे. डिमेन्शियाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि तिथल्या लोकांवर जेमतेम १० टक्के संशोधन, या विषमतेवरून त्याने नाव घेतलं. त्या गटाशी संबंधित डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबं घेऊन प्रयोग केला आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रयोगाचं वैशिष्ट्य त्यातल्या माणसांत होतं. घरोघर जाणारे सल्लागार डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हते. बारावीपर्यंत शिकलेली, स्थानिक भाषा बोलणारी माणसं निवडली, आठवडाभर कसून प्रशिक्षण दिलं आणि पाठीशी एक मानसोपचारतज्ज्ञ ठेवला. हे सल्लागार निदान पंधरवड्यातून एकदा, असे सहा महिने घरी जात. हा आजार आहे, हट्ट नव्हे, हे समजावत. वाद कसा टाळायचा, आंघोळ कशी घालायची, हे दाखवत. गरज पडली तर तज्ज्ञाकडे पाठवत, वृद्धांच्या सरकारी योजनांची माहिती देत, एकमेकांच्या जवळ राहणाऱ्या कुटुंबांची गाठ घालून देत.

रुग्णांच्या क्षमतेत लक्षणीय फरक दिसला नाही. तशी अपेक्षाही कुणी करू नये. फरक पडला तो सांभाळणाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यात, त्यांची घुसमट कमी झाली. कळमेश्वरातली सून जे पहिल्या वर्षभरात वाद आणि मार सोसून शिकली, ते तिला पहिल्या महिन्यात कुणी शिकवू शकतं, एवढंच त्या प्रयोगाने सिद्ध केलं. आणि ते शिकवायला तालुक्याला नवी इमारत लागत नाही. पगारी, प्रशिक्षित माणसं लागतात, दोन लागतील, चार लागतील. आशाताईच्याच डोक्यावर हेही काम टाकावं असं सुचवणारे लगेच भेटतात. तिच्या मानधनाची आणि कामांची यादी एकदा शेजारी-शेजारी ठेवून पाहिली, तर ही सूचना कुणी पुन्हा करणार नाही.

गोव्याचा प्रयोग संशोधनाचा होता, सरकारी कार्यक्रम नव्हता. केरळने २०१४ मध्ये ‘स्मृतिपथम्’ या नावाने डिमेन्शियासाठी राज्याचा कार्यक्रम सुरू केला. १९९२ पासून तिथे मूळ धरलेल्या ‘एआरडीएसआय’ या अल्झायमर संस्थेची साथ त्याला होती. कर्नाटकाने निम्हान्सच्या मदतीने जिल्हा रुग्णालयांत मेंदूच्या आरोग्याची क्लिनिकं उघडली. महाराष्ट्राने २०१३ मध्ये ज्येष्ठ नागरिक धोरण आणलं, पण डिमेन्शियाची काळजी हा विषय मुंबई-पुण्यातल्या स्वयंसेवी संस्थांच्या आणि खासगी निवासांच्या अंगावर राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये ठेवलेलं उद्दिष्ट होतं की २०२५ पर्यंत तीनचतुर्थांश देशांकडे आपापला डिमेन्शिया आराखडा असावा. ते हुकलं आणि मुदत २०३१ पर्यंत वाढवावी लागली.

परदेशांपैकी दक्षिण कोरियाचं उदाहरण आपल्या तालुक्यांना लागू पडणारं आहे. तिथल्या सरकारने २०१७ मध्ये डिमेन्शिया ही राष्ट्राची जबाबदारी असल्याचं जाहीर केलं आणि स्थानिक आरोग्य केंद्रांना जोडून देशभर २५६ डिमेन्शिया केंद्रं उघडली. तपासणी, नोंद, घरच्यांना शिकवणं आणि दिवसातले काही तास रुग्णाला बसवून ठेवणं, सगळं एका छपराखाली. जपानने २०१२ मध्ये केलेल्या योजनेचं नाव चक्क ‘ऑरेंज प्लॅन’. दुकानदार, बँकेतले कारकून, शाळकरी मुलं यांना तासा-दीड तासाचं शिक्षण देऊन तिथे नारिंगी कडं देतात, म्हणजे भांबावलेल्या वृद्धाला मदत कुणाकडे मागायची ते कळावं. संत्र्याच्या मुलखाला या योजनेचा रंग तरी परका वाटायचं कारण नाही. आषाढात धापेवाड्याच्या यात्रेत बंदोबस्तावर असणाऱ्या पोलिसांपासून आणि एसटीच्या वाहकांपासून अशी सुरुवात इथेही करता येईल.

प्रतिबंधाबद्दल थोडक्यात. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये म्हटलं की बदलता येण्याजोगे चौदा जोखीम-घटक आटोक्यात आणले तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतो किंवा लांबू शकतो. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपण, मंदावलेली नजर, एकटेपणा हे त्यातले काही. उपकेंद्रावर नियमित मिळणारी बीपीची गोळी आणि वेळेवर झालेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन यांची गणना मेंदूच्या कार्यक्रमात कुणी करत नाही, ती करायला हवी. नवा पैसा मागण्याआधी जुन्या पैशाचं हे काम दाखवता येतं.

मदतीचे दोन क्रमांक आजही चालू आहेत. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी दिवसरात्र चालणारा टेली-मानस, १४४१६. दोन्हीकडे मराठीत बोलता येतं. रात्री दोनला बाबाजी दार ठोकत असताना सुनेने कुणाला विचारावं, याचं निदान एक उत्तर त्यात आहे.

आराखड्याची खरी गाठ आहे ती खात्यांची. आशाताई आणि ग्रामीण रुग्णालय आरोग्य खात्याचे. श्रावणबाळचे पैसे सामाजिक न्यायाचे, पण अर्ज तहसील कचेरीत. अपंगत्वाचं धोरण दिव्यांग कल्याण विभागाकडे, हरवल्याची नोंद पोलिसांकडे. विषय आरोग्य खात्याला दिला की निदान आणि गोळ्या पुढे येतात आणि घरातल्या बाईची मजुरी मागे पडते. सामाजिक न्यायाला दिला की अनुदान पुढे येतं आणि बी-१२ ची तपासणी राहून जाते. एकाच घराची एकच नोंद या सगळ्यांनी कशी वापरावी, घरभेटीला जाणाऱ्या माणसाचा पगार कोणत्या लेखाशीर्षातून निघावा आणि चोविसाव्या कलमातला भत्ता ठरवताना मजुरीचा दर धरावा की पेन्शनचा, हे प्रश्न पुढील प्रकरणांत एकेक करून घेतले आहेत.